डिस्क गेली म्हणण्याआधी फर्मवेअर बघा

काल रात्रीपर्यंत नीट चालणारी हार्ड डिस्क सकाळी बायोसमध्ये (संगणक चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) दिसतच नाही. टकटक नाही, फिरण्याचा आवाज नेहमीसारखाच. अशा वेळी हेड (डेटा वाचणारा आतला भाग) गेलं असं ठरवून मोकळं होऊ नका. यांत्रिक बिघाड अनेकदा चाहूल देतो: खराब सेक्टर (डेटा साठवायचे छोटे कप्पे) वाढतात, फाइल उघडायला वेळ लागतो. फर्मवेअरचा, म्हणजे डिस्क चालवणाऱ्या तिच्या आतल्या सॉफ्टवेअरचा दोष मात्र एका क्षणी डिस्क बंद पाडू शकतो.

सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेत २००९ च्या सुरुवातीला हेच उघड झालं. एसडी१५ फर्मवेअर असलेल्या काही डिस्कमध्ये आतल्या इव्हेंट लॉगचा काउंटर ठरावीक आकड्यावर असताना वीज बंद झाली, की पुढच्या वेळी चालू होताना डिस्क 'बिझी' अवस्थेत अडकून पडायची. प्लॅटरवरचा (आतल्या चकतीवरचा) डेटा शाबूत, पण तिथवर पोचायची वाट बंद. एसडी१ए आवृत्तीने हा दोष काढला.

एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या काही सॅस एसएसडी (सर्व्हरमधल्या, चकती नसलेल्या डिस्क) तर बरोबर ३२,७६८ तासांनी बंद पडायच्या, म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. चिन्हासह १६ बिटांच्या काउंटरमध्ये ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही, हे त्यामागचं गणित. इथे खरा धोका रेडचा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून केलेल्या साठ्याचा: सगळ्या डिस्क एकाच दिवशी बसवल्या असतील तर जातीलही एकत्रच.

डिस्क अधूनमधून गायब होत असेल पण अजून दिसत असेल, तर स्मार्टसीटीएल (smartctl) या कमांडने मॉडेल, सिरीयल नंबर आणि फर्मवेअर आवृत्ती लिहून घ्या. काही मॉडेलच्या माहीत असलेल्या दोषांचा इशारा हे साधन स्वतःच देतं. मग स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे आकडे बघा. ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या (बदललेल्या, संशयास्पद आणि न वाचता येणाऱ्या सेक्टरच्या) नोंदींचे रॉ, म्हणजे मूळ आकडे शून्य असूनही डिस्क गायब होत असेल, तर प्लॅटरपेक्षा केबल, वीजपुरवठा किंवा फर्मवेअरवर संशय घ्यावा. १९९ (डेटा केबलमधून जातानाच्या चुका) वाढत असेल तर आधी साटा केबल बदला. ९ मध्ये चालू तास असतात. ते त्या मॉडेलच्या जाहीर दोषाशी ताडून पाहा.

आवृत्ती ताजी दिसली म्हणून निश्चिंत होऊ नये. सॅमसंगच्या एचडी२०४यूआयचं सुधारित फर्मवेअर आलं, पण आवृत्तीचा क्रमांक जुनाच राहिला. दुरुस्ती झाली आहे की नाही, हे नुसतं बघून कळायची सोयच नाही.

अपडेटआधी बॅकअप घ्याच. १९७ वाढत असेल तर अपडेटच्या वाटेला जाऊ नका. डीडीरेस्क्यू (ddrescue) या साधनाने आधी डिस्कची प्रतिमा, म्हणजे हुबेहूब प्रत काढा. डिस्क यूएसबी डब्यातून काढून थेट साटा पोर्टला जोडा, यूपीएस असू द्या आणि फर्मवेअर त्याच मॉडेलचं घ्या. तयार संगणकासोबत आलेल्या डिस्कचं फर्मवेअर वेगळं असू शकतं, ते संगणक कंपनीकडूनच घ्यावं. काम झाल्यावर नुसतं रीस्टार्ट करू नका. वीज पूर्ण तोडून पुन्हा द्या, आवृत्ती तपासा आणि लाँग टेस्ट (डिस्कची स्वतःची पूर्ण तपासणी) लावा.

बिझीत अडकलेली डिस्क अपडेट स्वीकारतच नाही. सर्किट बोर्ड बदलूनही उपयोग नसतो, कारण फर्मवेअरचा मोठा भाग प्लॅटरवरच्या सर्व्हिस एरियात (डिस्कच्या स्वतःच्या कामासाठी राखलेल्या भागात) असतो. डेटा हवा असेल तर ती सिरीयल टर्मिनलवरून (डिस्कला थेट आज्ञा देणाऱ्या जोडणीवरून) सोडवू शकणाऱ्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या आणि आधी कोणती आवृत्ती होती ते त्याला सांगा.