गाडीच्या बॅटरीवर पालखीचा मंडप: नोंद चौथी

मागच्या तीन नोंदी घरच्या अंगणातल्या होत्या. या खेपेला पहिल्यांदाच खऱ्या कार्यक्रमात, खऱ्या गर्दीत, सगळा मंडप गाडीच्या व्ही-टू-एलवर, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीतली वीज बाहेरच्या उपकरणांना देण्याच्या सोयीवर, चालवला. साडेपाच तास साउंड सुरळीत चाललं. मध्ये साडेतीन मिनिटं ते पूर्ण बंद पडलं. नोंद मुख्यतः त्या साडेतीन मिनिटांसाठी लिहितोय.

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढी वारीत तुळजापूरकडून सोलापुरात येते आणि पुढं तिऱ्हे, कामती, मंगळवेढा करत पंढरपूर गाठते. आमच्या गल्लीची मंडळी तुळजापूर रोडला वारकऱ्यांसाठी चहा-फराळाचा मंडप टाकतात. आजवर तिथं अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर असायचा. तासाला लिटरभर पेट्रोल जायचं, धूर थेट पंगतीवर यायचा आणि त्या आवाजावर मात करायला साउंडवाले मामा माइक इतका चढवायचे की शिट्टी वाजायची. जवळपास महिनाभर चालून आलेल्या माणसाला आपण बसायला जागा देतो आणि शेजारी जनरेटर लावतो, हे मला दरवर्षी खटकायचं. गाडी घेताना व्ही-टू-एल असलेलीच घ्यायची हा हट्ट तिथून आला.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. या छंदाचं वेड लावलं ते २०२१ मध्ये फोर्डनं दाखवलेल्या एफ-१५० लाइटनिंग या इलेक्ट्रिक पिकअपनं. वरच्या मॉडेलमध्ये ९.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर मिळते, हौद्यात, केबिनमध्ये आणि पुढच्या बॉनेटखालच्या डिकीत मिळून ११ सॉकेट. एवढ्यात आख्खं ऑर्केस्ट्रा उभं राहील. पण त्यातली १० सॉकेट १२० व्होल्टची, ६० हर्ट्झची. आपला २३० व्होल्टचा ॲम्प्लिफायर त्यांना लावून उपयोग नाही. एकच सॉकेट २४० व्होल्टचं आहे, तेही दोन १२० मिळून झालेलं. त्यामुळे ते स्वप्न स्वप्नाच्या जागी ठेवून मी माझ्या ४५ युनिट बॅटरीच्या गाडीवर काम करतोय. हिच्या चार्जिंग पोर्टला गन (वीज बाहेर काढायचा प्लग) लावली की ३.३ केव्हीए मिळतात, म्हणजे २३० व्होल्टला साधारण १४ अँपिअर. सामान मित्राच्या छोट्या हत्तीतून येतं, वीज माझ्या गाडीतून.

मांडणी अशी होती. गाडी मंडपाच्या मागं, कडुलिंबाखाली. गनपासून माझ्या सॉकेट-स्विचच्या पेटीपर्यंत ३० मीटर वायर, अडीच स्क्वेअर एमएमची. पूर्ण १४ अँपिअर ओढले तरी तिच्यात जेमतेम ६ व्होल्ट पडतात, म्हणजे कमी होतात. हीच वायर एक स्क्वेअर एमएमची घेतली तर १५ व्होल्ट पडतील आणि दोनशे वॅटच्या वर नुसती वायर तापवण्यात जातील. ड्रमवर गुंडाळलेली वायर पूर्ण सोडल्याशिवाय लोड देऊ नका, हे मी दरवेळी लिहितो आणि दरवेळी लिहीन. वायर बांबूवरून डोक्याच्या वर नेली. आषाढातला पाऊस आणि हजारो अनवाणी पाय, जमिनीवर काहीच ठेवायचं नव्हतं.

आता लोडचा हिशेब. बारा इंची दोन ॲक्टिव्ह स्पीकर, त्यांच्यावर हजार-हजार वॅट लिहिलेलं. प्लग मीटरवर हरिपाठात प्रत्येकी ऐंशी ते शंभरच दिसतात. साउंडचा मिक्सर आणि वायरलेस माइकचे रिसीव्हर पन्नासच्या आत. ५० वॅटचे सहा एलईडी फ्लड. दोन पेडेस्टल पंखे. आणि मोबाइल चार्जिंगचं टेबल, चाळीस पिनांचं. चार्जिंगबद्दल सगळ्यांना धास्ती होती की दोनशे फोन गाडी खाऊन टाकतील. तर ५००० एमएएचचा फोन म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. चार्जरचं नुकसान धरून २५ घ्या. दोनशे फोन शून्यापासून भरले तरी ५ युनिट.

चहाचं मात्र उलटं आहे. मंडळाकडं वीस लिटरची विजेवरची टाकी आहे, २००० वॅटची. वीस लिटर पाणी २८ अंशांवरून उकळीला आणायला, टाकीचं नुकसान न धरता, पावणेदोन युनिटच्या आसपास लागतात. आमचं साउंड पाच-साडेपाच तासांत जेवढं घेतं त्याहून हे जास्त आहे, आणि मंडपात अशा दहा टाक्या सहज संपतात. मी ठामपणे सांगितलं, चहा गॅसवरच होईल. काकू थोड्या नाराज झाल्या, पण शेगडी आली.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला एक दिंडी मंडपात टेकली आणि हरिपाठ सुरू झाला. मीटरवर एकूण ९०० वॅट. मी निवांत होतो. जनरेटर नसल्यामुळे पखवाजाच्या धुमाचा (खर्जाच्या बाजूचा) आवाज इतका स्वच्छ येत होता की मामांनी मास्टर (मिक्सरवरचा मुख्य आवाज) नेहमीपेक्षा बराच खाली ठेवला होता. एक आजोबा गाडीपाशी येऊन म्हणाले, "माउली, मशीन कुठं लपवलंय?" गाडी दाखवली तर त्यांनी बॉनेटवर हात ठेवून पाहिला. गार होतं. त्यांनी तोच हात कपाळाला लावला.

आणि तेवढ्यात सगळं अंधारलं.

पावसात भिजलेल्यांना हातपाय धुवायला पाणी हवं म्हणून एका कार्यकर्त्यानं टँकरचं पाणी वरच्या टाकीत चढवायची एक एचपीची मोटर माझ्याच बोर्डला लावली होती. त्याचा हिशेब चुकला असं मी म्हणणार नाही. मला विचारलं असतं तर मीही मीटर बघून म्हणालो असतो, ९०० चालू आहेत, मोटरचे हजार धर, दोन हजारही होत नाहीत, लाव. पण मोटर सुटताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. म्हणजे २५-३० अँपिअर, आणि गाडीची मर्यादा १४. एमएसईबीच्या लाइनवर तो झटका दिवे क्षणभर मिचकावून निघून जातो. गाडीतला इन्व्हर्टर तो क्षणही सोसत नाही. तो स्वतःला वाचवून सरळ बंद होतो.

मग मोटर काढ, पेटीतले सगळे एमसीबी (लोड जास्त झाला की पडणारे स्विच) पाड, गन काढ, गाडी बंद-चालू कर, गन परत लाव, स्क्रीनवरून डिस्चार्ज सुरू कर, मिक्सर चालू होऊ दे आणि सगळ्यात शेवटी स्पीकर. घाईत स्पीकर आधी लावले की धाडकन आवाज होतो आणि कोन फाटू शकतो. हे सगळं टॉर्चच्या उजेडात केलं तेव्हा साडेतीन मिनिटं लागली.

त्या साडेतीन मिनिटांत हरिपाठ थांबला नाही. एका टाळाचाही ठोका चुकला नाही. उलट जे कडेला बसले होते तेही उठून आत आले आणि आवाज वाढला. माझे हात थरथरत होते आणि पाठीमागं ते सगळे अंधारात गात होते. वीज आली तेव्हा मामांनी मास्टर लगेच वर नेला नाही. अभंग संपू दिला, मग हळूहळू आणला.

रात्री दहाच्या आत माइक बंद केला. मीटर ५.४ युनिट दाखवत होता आणि गाडी ८८ टक्क्यांवरून ७३ वर आली होती, म्हणजे पावणेसात युनिट. मधला सुमारे १.३५ युनिट इन्व्हर्टरच्या नुकसानात आणि गाडीच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये गेला. माझ्या तिन्ही जुन्या नोंदींतही हा फरक तासाला दोनशे-अडीचशे वॅट-तासांच्या आसपासच आहे. त्यामुळे छोटा लोड लावून गाडी रात्रभर चालू ठेवणं परवडत नाही, हे आता पक्कं.

पेटीत केलेला बदल: साउंडच्या लाइनला आता नेहमीचं सॉकेटच नाही. निळं तीन पिनांचं इंडस्ट्रियल सॉकेट बसवलंय. त्यात घरगुती प्लग जातच नाही, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला काही लावताच येत नाही. मिक्सर आणि रिसीव्हरसाठी प्युअर साइन वेव्हचा छोटा यूपीएस घेतला, म्हणजे वीज गेली तरी डिजिटल मिक्सर पहिल्यापासून सुरू होण्यात वेळ जाणार नाही. मोटर, मिक्सर-ग्राइंडर, फ्रिज यांना गाडीवर बंदी.

अर्थिंगबद्दल मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. माझ्या गाडीच्या व्ही-टू-एलमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही जमिनीपासून अलग आहेत. टेस्टर दोन्ही भोकांत मंद पेटतो, तेव्हा घाबरू नका. घाबरायचं ते दुसऱ्या गोष्टीला. पेटीतल्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचं (करंट जमिनीकडं गळला की लाइन तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबलं की तो पडतो, आणि आपण समजतो संरक्षण आहे. ते बटण फक्त यंत्र जिवंत आहे एवढंच सांगतं. अलग वायरिंगमध्ये पहिला बिघाड जमिनीकडं झाला तर करंटला परतीची वाटच नसते, आरसीसीबी गप्प बसतो, आणि तो बिघाड तसाच लपून राहतो. दुसरा बिघाड दुसऱ्या वायरवर झाला की माणूस मध्ये सापडतो. म्हणून मी प्रत्येक कार्यक्रमाआधी परवानाधारक वायरमनकडून सगळ्या वायरी मेगरवर (वायरीचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) तपासून घेतो आणि सगळ्या धातूच्या बॉडी गाडीच्या अर्थ पिनला एकत्र बांधतो. प्रत्येक गाडीची रचना वेगळी असू शकते, माझं पाहून तसंच करू नका. आणि गाडीची लाइन मंडपाच्या किंवा घराच्या मेन बोर्डात कधीही घालू नका. खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवाशी खेळ होतो.

पुढचं काम नारळी पौर्णिमेचं. मार्कंडेय रथोत्सवात एका मित्राच्या मंडळाला चालत्या हातगाडीवर साउंड हवंय. लाइटनिंगची सॉकेट गाडी चालतानाही चालू राहतात. माझ्या गाडीला गन लावली की ती हलतच नाही. म्हणून २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट पेटी बांधतोय, अडीच युनिटची. आदल्या रात्री गाडीच्या विजेवर चार्ज करायची आणि हातगाडीवर ठेवायची. सेल आलेत, एकेक मोजून झाला, आठही ३.२९ व्होल्ट, खाली-वर दोन मिलिव्होल्ट. बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) आला की पाचवी नोंद टाकतो.