इस्त्रीखालची नक्षी

मला चित्र काढता येत नसे, तरी भरतकाम आलं. त्याचं श्रेय हस्तव्यवसायाच्या आमच्या बाईंना आणि इस्त्रीने उठवायच्या छापांना.

पातळ कागदावर खास शाईने छापलेली नक्षी कापडावर पालथी घालायची आणि वरून गरम इस्त्री दाबायची. शाई वितळून कापडावर उतरते. मँचेस्टरच्या ब्रिग्ज कंपनीने १८७० च्या दशकात ही युक्ती बाजारात आणली. त्याआधी नक्षीच्या कागदाला टाचणीने भोकं पाडून त्यांतून पूड घासायची आणि उमटलेले ठिपके जोडत रेघ ओढायची, अशी रीत होती. बाईंनी आम्हाला तेही एकदा करायला लावलं. छापाचं मोल मला तेव्हा कळलं.

बाईंची शिस्त कडक होती. कापड आधी धुवायचं, म्हणजे खळ निघते आणि आटायचं तेवढं आटून जातं. इस्त्रीत वाफ नको. ती फिरवायचीही नाही. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. सरकवली की कागद हलतो आणि एका पाकळीच्या दोन होतात. अक्षरं मात्र कागदावर उलटीच हवीत, तरच कपड्यावर सुलटी येतात. बऱ्याच छापांची शाई धुऊन जात नाही, म्हणून टाक्याने रेघ पूर्ण झाकायची.

एक छाप बऱ्याच जणींना पुरे, दर वेळी थोडा फिकट होत. तरी एकीचं फूल दुसरीसारखं होत नसे. देठाला उलटी टीप की साखळी टाका, मधल्या गाठी किती दाट, हे कागदावर कुठे छापलेलं असतं? पाकळी भरताना टाक्यांची दिशा हळूहळू वळवली की एकाच रंगाच्या दोऱ्यावर उजेड निरनिराळा पडतो आणि सपाट फूल उमलतं. हे मला आजही नवलाचं वाटतं. सहापदरी दोऱ्याचे पदर एकेक करून ओढायचे, मग हवे तेवढे पुन्हा जुळवायचे. बाई यात कधीच सूट देत नसत. तयार छाप म्हणजे नक्कल, असं म्हणणाऱ्यांनी एकाच छापावर दोघींनी भरलेले खिसे शेजारी ठेवून पाहावेत.

नक्षीची जागा ठरवायलाही बाईंनीच शिकवलं. कपडा अंगात घालून, कागद टाचून आरशात पाहायचं. टेबलावर नीट वाटणारी वेल अंगावर काखेकडे सरकलेली दिसते. शिवणीचा जाड भाग भरतकामाच्या रिंगमध्ये नीट ताणला जात नाही, म्हणून खिसा, कॉलर, बाही शक्यतो शिवण्याआधीच भरावी.

शाळेला एक विनंती आहे: हा तास वेळापत्रकात ठेवा, मुलग्यांसाठीसुद्धा. माझ्याकडचे छाप मी वर्गात वापरण्यासाठी पाठवते आहे. सोबत छापाच्या पेन्सिलीही आहेत. शाई संपलेल्या रेघा त्यांनी गिरवल्या की तोच कागद पुन्हा उठतो.