फ्लाय बांधायच्या व्हाइसला दगडाची बैठक: माझा अनुभव

फ्लाय म्हणजे मासे पकडायचं, किड्यासारखं दिसणारं आमिष. गळ व्हाइसच्या, म्हणजे छोट्या शिकंजाच्या, जबड्यात धरायचा आणि त्यावर दोरा, पिसं, हरणाचे केस आवळत जायचं, हे फ्लाय बांधण्याचं मूळ काम. त्यात व्हाइस जरा जरी डुलला तरी दोऱ्याचा ताण बिघडतो. टेबलाच्या कडेला आवळायचा क्लॅम्प घट्ट असतो, पण कड फार जाड किंवा गोलाई दिलेली असेल, खाली ड्रॉवर असेल, तर तो बसतच नाही. म्हणून मला नुसती टेबलावर ठेवायची जड बैठक हवी होती. ती मी दगडाची केली आणि आता दुसरं काही वापरावंसं वाटत नाही.

आधी दगड कोणता हे ठरवलं. संगमरवर कापायला सोपा आणि दिसायला देखणा, पण मऊ असतो. गळाच्या टोकांनी त्यावर ओरखडे उठतात आणि आम्लाचा थेंब पडला तर डाग कायमचा. वालुकाश्म हलका आणि रंग, वार्निश शोषून घेणारा. साबणदगड तर नखानेही खरवडतो. ग्रॅनाइट कठीण आहे, त्याला वेळ लागतो, पण तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. सिंक किंवा शेगडी बसवायला फरशी कापतात तेव्हा मधला तुकडा उरतो. दगड कापणाऱ्यांकडे असे तुकडे पडलेले असतात. त्यातलाच एक २० × १५ सेंटिमीटर, ३ सेंटिमीटर जाडीचा करून घेतला. ग्रॅनाइटचं वजन घन सेंटिमीटरला साधारण २.७ ग्रॅम, म्हणजे हा तुकडा भरतो २.४ किलोच्या आसपास.

वजन महत्त्वाचं खरंच, पण बैठक उलटते की नाही हे वजनाइतकंच पाय कुठे आहेत आणि व्हाइसचा दांडा बसवायचं भोक कुठे आहे यावरही ठरतं. दगड विकत घेण्याआधी कागदावर हे मांडायला हवं. माझ्या व्हाइसमध्ये गळ टेबलापासून २२ सेंटिमीटरवर असतो. तिथे दोरा माझ्याकडे आडवा ओढला की बैठक पुढच्या पायांवर उलटू पाहते. दगड माझ्यापासून पलीकडे १५ सेंटिमीटर पसरला आणि रबरी पाय कडेपासून १ सेंटिमीटर आत असले, तर व्हाइसचं वजन सोडून सुमारे ७०० ग्रॅमच्या ओढीत ती उचलते. तोच दगड फिरवून माझ्यापासून पलीकडे २० सेंटिमीटर पसरेल असा ठेवला की ही ओढ एक किलोजवळ जाते. वजन तेच, दगड तोच. म्हणून मी तो लांबट ठेवला आणि पाय अगदी कोपऱ्यांत चिकटवले. पाय आत सरकवले तर दगडाची तेवढी कड फुकट जाते.

खाली जाणाऱ्या ओढीचं गणित वेगळं. गळ दगडाच्या वर आला तर ती ओढ बैठकीला उलट आणखी दाबून धरते. बाहेर गेला तर तीच तिला उलटवते. माझा व्हाइस फिरता आहे, त्याचा जबडा दांड्यापासून उजवीकडे येतो. म्हणून भोक मधोमध न घेता डावीकडे घेतलं, गळ बरोबर दगडाच्या मध्यावर येईल असं. डावखुऱ्यांनी हे उलटं धरावं. कडेपासून मात्र ४ सेंटिमीटर जागा सोडली, कारण ग्रॅनाइट दाब सोसतो पण ताण सोसत नाही आणि कडेजवळ तो तडकतो.

भोकासाठी हिऱ्याच्या कणांचं पोकळ कोर बिट घेतलं. त्याला मधलं टोक नसतं, त्यामुळे ते सुरुवातीला गुळगुळीत दगडावर घसरतं. लाकडाच्या फळीत त्याच मापाचं भोक पाडून ती फळी दगडावर क्लॅम्प केली की बिट जागा सोडत नाही. ड्रिलचा हॅमर (ठोके) बंद, वेग कमी, दाब हलका आणि पाणी सतत. पाण्याने बिट थंड राहतं, आणि त्याहून मोठं म्हणजे धूळ उडत नाही. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतं, त्याची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. म्हणून कोरडं भोक पाडूच नये आणि निघणारा चिखलही ओला असतानाच पुसून टाकावा. पाणी असल्यामुळे मी बॅटरीवरचं ड्रिल वापरलं. शेवटचे काही मिलिमीटर दुसऱ्या बाजूने कापले, त्यामुळे मागे टवका उडाला नाही.

व्हाइसचा दांडा ९.५ मिलिमीटरचा. तो थेट दगडात चिकटवला असता तर व्हाइस प्रवासात नेता आला नसता. म्हणून लेथवर जाड पोलादी नळी करून घेतली: बाहेरून १६ मिलिमीटर, आत दांडा सरकेल इतकी, वर बाजूने आवळायचा स्क्रू. दगडातलं भोक १८ मिलिमीटरचं, म्हणजे चहूबाजूंनी एक मिलिमीटर जागा इपॉक्सी या पक्क्या गोंदाला. नळी बाहेरून खरखरीत केली, अ‍ॅसिटोनने पुसली, दगड पूर्ण वाळू दिला. सावकाश सुकणारं इपॉक्सी वापरलं, कारण दांडा सरळ करायला वेळ मिळतो. दांड्याला आधी मेण चोळून तो नळीत घातला, दोन बाजूंनी गुण्या लावून उभा केला आणि पूर्ण दिवस हात लावला नाही.

कडा सिलिकॉन कार्बाइडच्या पेपरने पाण्यात घासून बोथट केल्या. वरचा भाग मात्र चकचकीत ठेवू नका. आरशासारखा दगड दिव्याचा उजेड थेट डोळ्यांत मारतो आणि लहान गळावर नजर टिकत नाही. ४०० नंबरपर्यंत घासून थांबलं की शांत, मॅट पृष्ठभाग मिळतो. दगड गडद असेल तर गळामागे फिकट कार्ड उभं करायची सोय करावी. मी दगडात त्यासाठी बारीक खाच घेतली आणि पुढच्या कोपऱ्यात एक छोटं चुंबक बसवलं, सुटे गळ ठेवायला.