आजीचा रुमाल

मंगळवार, रात्री

आज शेवटी डॉक्टरांना दाखवून आले. तीन आठवडे अंगावर काढलं. घरात आई आहे, बहीण आहे, पण स्तनांखालची जागाच अशी की तोंडातून शब्द फुटेना. ब्रा काढताना कातडी सोलून निघाल्यासारखी वाटायची, घाम झोंबायचा. रात्री स्तन हाताने उचलून धरून पंख्याखाली बसायचे.

मी घामोळं समजत होते. डॉक्टरबाईंनी उजेड धरून नीट पाहिलं. घडीच्या तळाशी पांढुरकी, ओलसर, भेगाळलेली रेघ, तिच्याभोवती लालभडक चट्टा आणि चट्ट्याच्या कडेबाहेर सुट्या बारीक पुटकुळ्या. त्या पुटकुळ्या दाखवून म्हणाल्या, "ही कॅन्डिडा, म्हणजे बुरशी." कातडीवर कातडी घासते, मध्ये घाम अडकतो, वारा लागत नाही. कातडी भिजून मऊ पडली की एरवी अंगावर गुपचूप राहणारी ही बुरशी फोफावते.

पण दर वेळी बुरशीच असते असंही नाही म्हणे. ब्राच्या पट्टीखाली आखल्यासारखी खाज असेल तर इलॅस्टिकची किंवा कपडे धुण्याच्या पावडरीची अॅलर्जी असू शकते. सोरायसिस हा कातडीचा आजार घडीत आला तर त्याला नेहमीचे खवले धरत नाहीत, नुसता तुकतुकीत लाल चट्टा दिसतो. एकाच बाजूला आधी ठणका आणि मग पाण्याचे फोड, तर नागीण. आणि स्तन लाल होऊन सुजला, कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड, खड्ड्याखड्ड्यांची झाली, तर लगेच दाखवायचं. कॅन्सरचा एक प्रकार असाच सुरू होतो. हे ऐकताना माझे हात गार पडले होते.

बहिणीचं उरलेलं मलम मी लावत होते, त्यात स्टेरॉइड निघालं. दोन दिवस खाज थांबली म्हणून बरं वाटलं, आणि बुरशी मात्र पसरत गेली. आता बुरशीचं वेगळं मलम दिलंय. लाली गेली तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. आंघोळीनंतर घासायचं नाही, टिपून कोरडं करायचं.

साखरही तपासायला सांगितली आहे, कारण रक्तात साखर वाढलेली असली की हे पुन्हा पुन्हा होतं. तेव्हा एकदम आजी आठवली. तिला मधुमेह होता. ब्लाउजच्या आत, छातीखाली ती सुती रुमालाची घडी ठेवायची. मी विचारलं की म्हणायची, "घाम येतो गं." आग होते, असं कधी म्हणाली नाही.

आत्ता मलम लावून मीही तशीच घडी ठेवली आहे. सकाळी आईला सगळं सांगणार आहे, आणि तिला काही होतं का तेही विचारणार आहे.