दोन खवले

वडोदऱ्यातील आमच्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी कटल्याच्या खवल्यावरील वलये मोजून माशाचे वय काढायला शिकवते. त्या दिवशी मात्र नॉर्वेत काम करणाऱ्या वर्गमित्राने दिलेल्या, अटलांटिक सॅल्मनच्या (नदीत जन्मून समुद्रात वाढणारा आणि अंडी घालायला नदीत परतणारा मासा) खवल्यांच्या दोन स्लाइड मी मुद्दाम चिठ्ठी न लावता सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या.

दांडिया बाजारात राहणारी एक विद्यार्थिनी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, या दुसऱ्या माशाला हिवाळा आलाच नव्हता का?"

तिने नेमके ओळखले होते. हिवाळ्यात वाढ मंदावते आणि वलये दाट पडतात. पहिल्या खवल्यावर नदीतल्या मंद वाढीची दाट वलये आणि समुद्रात उतरताच एकदम विरळ झालेली वलये स्पष्ट होती. दुसरा मासा आधी गोड्या पाण्याच्या टाकीत आणि मग समुद्रातील जाळ्याच्या पिंजऱ्यात वाढवलेला; लहानपणापासून भरपूर खाद्य मिळाल्याने त्याच्या खवल्यावर गोडे पाणी कोठे संपले आणि समुद्र कोठे सुरू झाला, हे पुसटच राहिले होते. जाळे फाटून निसटलेले असे मासे नदीत शिरले की संशोधक त्यांना खवल्यावरूनच ओळखतात.

"पण पळालेले मासे नदीत गेले, तर तिथल्या माशांची संख्या वाढेलच ना?" तिने विचारले.

हा समज फार जणांचा असतो, म्हणून मी तास संपत आला असूनही सविस्तर सांगितले. पिंजऱ्यातील वाण १९७०च्या दशकापासून झटपट वाढीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेले आहे. त्याची पिल्ले नदीत आडदांड निघतात, वन्य पिल्लांना त्यांच्या जागेवरून हुसकावतात आणि स्वतः मात्र समुद्रातून क्वचितच परततात. आयर्लंडमधील बरिशूल येथील, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पिंजऱ्यातील माशांच्या संततीचे आयुष्यभराचे यश, म्हणजे जगून नदीत परतण्याचे प्रमाण, वन्य माशांच्या अवघे २ टक्के भरले. संकर झाला की हीच दुर्बलता, हजारो वर्षांत एकेका नदीला जुळत गेलेल्या वाणात उतरते.

"मग खवले तपासून ते मासे बाजूला काढता येतील," ती म्हणाली.

नॉर्वेतील अनेक नद्यांत तसे काढतातही. परंतु निसटलेल्या माशाचे पिल्लू नदीतच जन्मले, तर त्याच्या खवल्यावर नदीचीच दाट वलये उमटतात. आईबाप पिंजऱ्यातले होते, हे केवळ डीएनए सांगतो. तेथे तपासलेल्या सुमारे दोनतृतीयांश नद्यांत अशा संकराच्या खुणा सापडल्या आहेत.

तिने पुन्हा पहिली स्लाइड लावली. "मग हा तरी वन्य आहे का, मॅडम?"

खवल्यावरून ते सांगता येत नव्हते. नोंदवहीत त्या स्लाइडपुढे मी लिहिलेला 'वन्य' हा शब्द खोडून 'नदीत जन्मलेला' असे लिहिले.