ठेक्यावर कण्हणारा पंप

बोटीवर गाण्यांची सिस्टीम बसवायची आहे असा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: किती वॉटची बसवाल? बोट किती फुटी, बॅटऱ्या किती, इंजिन बंद ठेवून गाणी किती वेळ वाजणार, हे कोणी आपणहून सांगत नाही. ते मला खोदून खोदून विचारावं लागतं. नवरात्रात गोव्यातल्या नेरूलहून एका शेटचा फोन आला, तोही असाच. "आवाज आहे, पण जरा रंगात आला की बंद पडतो. दोन हजार वॉटचा नवा ॲम्प्लिफायर, ॲम्प, आणून ठेवलाय. तुम्ही नुसता जोडून द्या. दसऱ्याला पहिलं बुकिंग आहे."

दसऱ्याला बुकिंग म्हणजे काम अष्टमीलाच उरकायला हवं. खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात. त्या दिवशी माझा क्रिम्पर आणि मीटर हळदीकुंकू लावून पाटावर असतात आणि त्यांना कोणी हात लावलेला आईला खपत नाही. तेव्हा अष्टमीला सकाळीच पोऱ्याला मागे बसवून पर्वरीहून निघालो.

बोट २८ फुटी, फायबरची, मागे एकच आऊटबोर्ड. सकाळी आग्वादच्या टोकाकडे डॉल्फिन दाखवायला जायचं आणि संध्याकाळी सूर्यास्त, गाणी, खाणंपिणं. पावसाळाभर ताडपत्रीखाली काठावर होती, नुकतीच पाण्यात उतरवलेली. तांडेल, म्हणजे बोट चालवणारे, मालवणकडचे, साठीला टेकलेले. मी वेंगुर्ल्याचा, म्हणून आमचं जमतं. पाय ठेवल्या ठेवल्या म्हणाले, "गाण्याचा तू बघशीलच रे. पण त्या पंपाक काय झाला हा, ता आधी बघ. गाणी लागली की कण्हता मेलो."

शेट हसले. "पंपाचा आणि गाण्याचा काय संबंध काका? वय झालं तुमचं."

मलाही तेव्हा तो बोलण्याच्या ओघात आलेला शब्द वाटला. मीटर काढला आणि आधी गाण्याकडेच वळलो. इंजिन बंद, बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. गाणी लावली, आवाज वाढवला. बॅटरीवर आकडा फार हलला नाही, १२.२ च्या आसपास राहिला. तोच मीटर ॲम्पच्या टर्मिनलवर धरला तर ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला आकडा १० च्या खाली जाऊन वर येत होता. ॲम्पला एवढं कमी व्होल्टेज मिळालं की तो स्वतःला वाचवायला बंद होतो. शेटचा 'रंगात आला की बंद पडतो' तो हा. जुन्या ॲम्पमध्ये काही बिघाड नव्हताच. बॅटरीत वीज होती, वाटेत हरवत होती.

मग वाट शोधायला बाकाखालची झाकणं उघडली. ॲम्पची लाल वायर सरळ बॅटरीकडे जायला हवी. ती गेली होती मागच्या कोपऱ्यात, बोटीच्या बुडाशी. तिथे बिल्ज पंपाच्या वायरीला मधेच सोलून तिच्यावर गुंडाळलेली आणि वरून काळी टेप. टेप सोडवली तर आतलं तांबं पुदिन्याच्या चटणीच्या रंगाचं झालं होतं. बोटांनी चोळलं, अर्ध्या तारा तुटून हातात आल्या. गाणी बंद करून काही मिनिटं झाली होती, तरी वायर कोमट होती.

ज्यांना बोट फक्त पार्टीपुरती माहीत आहे त्यांच्यासाठी सांगतो. पाऊस, लाटांचे शिंतोडे, कुठेतरी झिरपणारं थोडं पाणी, हे सगळं बोटीच्या तळाशी साचतं. तिथे पंप असतो आणि त्याच्या शेजारी तरंगणारा स्विच. पाणी वाढलं की स्विच उचलला जातो आणि कोणी जवळ नसलं तरी पंप आपोआप सुरू होतो. म्हणून पंपाची वायर मेन स्विचला वळसा घालून थेट बॅटरीला जोडतात. रात्री मेन स्विच बंद करून सगळे घरी गेले आणि पाऊस कोसळला, तर बोट तरंगती ठेवणारा तेवढाच एक जीव जागा असतो. आधी काम करणाऱ्याला कायम चालू असलेली वायर हवी होती, ती त्याला इथे आयती सापडली. पंपाचा फ्यूज गाण्यांचा भार सोसेना, उडायला लागला, म्हणून त्याने तो काढून ४० अँपिअरचा घातला.

या ४० च्या फ्यूजने मात्र माझ्या पोटात गोळा आला. पंपाच्या पंख्यात प्लॅस्टिकची पिशवी अडकली की मोटर फिरत नाही, पण वीज ओढत राहते. योग्य फ्यूज तेव्हा उडतो. ४० चा उडणार नाही, वायर तापेल. ही वायर जेमतेम अडीच स्क्वेअर एमएमची, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर पेट्रोलची टाकी.

शेटला हे तोंडाने सांगून पटलं नसतं. मी तांडेलकाकांना म्हटलं, खाडीचं पाणी बादलीभर घ्या आणि तळात ओता. आधी गाणी बंद ठेवून. पंप लागला, बाजूच्या भोकातून धार निघाली, बरी होती. मग पोऱ्याने फोनवरून गाणं लावलं, ठेका मोठा असलेलं. परत बादली ओतली. धार बोटीच्या अंगाला चिकटून खाली ओघळायला लागली. आणि आवाज ऐकू आला. ठोका पडला की पंपाची घरघर खाली जायची, ठोका सुटला की वर यायची, ऊं-ऊंऊं, ऊं-ऊंऊं, अगदी तालात. गाणं बदललं तसा पंपाचा तालही बदलला. शेट वाकून कान लावून बराच वेळ ऐकत राहिले. तांडेलकाका काही बोलले नाहीत, विडी शिलगावायला काठावर उतरले.

आता नव्या ॲम्पचा खोका. वर सोनेरी अक्षरात २००० वॉट. खोक्यावरचा आकडा मी वाचत नाही, ॲम्पच्या कडेला फ्यूज किती आहेत ते बघतो. इथे २५ अँपिअरचे दोन. म्हणजे ५० अँपिअरच्या वर तो फार वेळ ओढूच शकत नाही. १२ व्होल्टच्या बोटीत ५० अँपिअर म्हणजे ६०० वॉट आत जाणार. या जातीच्या ॲम्पमध्ये त्यातले निम्म्याच्या आसपास स्पीकरला पोचतात, बाकीच्यात ॲम्पच तापतो. खरोखरचे २००० वॉट हवे असतील तर १६० च्या वर अँपिअर लागतील, तेही काही वाया गेलं नाही असं धरून.

"म्हणजे दुकानदाराने फसवलं?"

"छापलेलं विकलं, शेट."

आणि वॉटच्या मागे लागून उपयोगही नसतो. वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबल वाढतो, जेमतेम जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्यात बोटीला भिंती नाहीत. खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो, इथे एकदा गेला तो मांडवीत गेला. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी. शेटचे दोन्ही स्पीकर पुढे कन्सोलजवळ, म्हणजे स्टिअरिंगच्या चौथऱ्याशी होते, म्हणजे मागच्या बाकावरच्या माणसासाठी पुढच्याचे कान फोडायचे. मी सांगितलं, पुढे दोन जोरात वाजवण्यापेक्षा दोन्ही बाकांच्या मागे चार हळू वाजवू. शेटला 'हळू' शब्द आवडला नाही, पण पंप ऐकल्यापासून ते जरा नरम होते.

मापुशाहून पोऱ्या सामान घेऊन येईपर्यंत मी जुने स्पीकर काढायला घेतले. कन्सोलमधला एक कंपासच्या बरोबर खाली बसवलेला. चार स्क्रू सोडले, त्यातले दोन गंजून मोडलेच. स्पीकर हातात घेऊन मागे सरकलो आणि कंपासची तबकडी आपली आपण फिरायला लागली. सावकाश, तेलात फिरते तशी. थांबली तेव्हा उत्तर बरीच दुसरीकडे होती. स्पीकर पुन्हा भोकाशी नेला, तबकडी परत त्याच्याकडे वळली. स्पीकरच्या मागे केवढं मोठं लोहचुंबक असतं याचा विचार बसवणाऱ्याने केला नव्हता.

तांडेलकाका काठावरून बघत होते. "मी शेटक सांगलंय, कंपास खराब झालो, नवीन आणा. ह्यांका बरा झाला, पैसे वाचले." रोज फोनवर नकाशा बघून बोट चालते हे खरं, पण धुकं पडलं आणि फोन भिजला की आग्वादच्या बाहेर हेच लागतं. त्या भोकावर फायबरचा तुकडा चिकटवून ते कायमचं बंद केलं.

बाकीचं काम सांगण्यासारखं कमी आणि करण्यासारखं जास्त. मुख्य केबल २५ स्क्वेअर एमएमची, कल्हई केलेल्या तांब्याची. साधं तांबं खाऱ्या हवेत काळं पडत आतपर्यंत सडत जातं. जाण्यायेण्याची मिळून १० मीटर वाट. अडीचच्या वायरीत ३० अँपिअरला २ व्होल्ट गळत होते, २५ च्या केबलमध्ये तेवढ्यालाच ०.२. बॅटरीच्या शेजारीच फ्यूज. केबलच्या टोकांना तांब्याचे लग क्रिम्प केले, म्हणजे दाबून घट्ट बसवले, वर गोंदवाली नळी गरम करून बसवली. पुष्कळ जण शिशाने डाख देतात आणि तो छान दिसतो, पण बोट सतत थरथरते, डाख संपतो तिथे तार कडक होऊन मोडते. फायबरमध्ये नवी भोकं पाडली की आत प्लायवूड दिसतं, त्याच्या कडांना इपॉक्सी फासल्याशिवाय स्पीकर बसवायचा नाही, नाहीतर दोन पावसाळ्यांत बाक पोकळ होतो. बॅटऱ्या दोन केल्या, एक इंजिनला, एक गाण्यांना, मध्ये रिले. इंजिन चालू होऊन व्होल्टेज वर चढलं की रिले दोघींना जोडतो, उतरलं की तोडतो. सूर्यास्ताला इंजिन बंद करून दोन तास नाचल्यावर इंजिन सुरूच झालं नाही आणि दुसरी बोट दोरी बांधून ओढत घेऊन आली, असल्या गोष्टी या नदीवर दर हंगामात ऐकतो.

पंपाला त्याची स्वतःची वायर, त्याच्या अंगावर छापलेल्या आकड्याचा फ्यूज, आणि त्या वायरीवर दुसरं काहीही नाही.

ॲम्प दुसरा बसवला, डी क्लासचा. तो वीज कमी खातो, पण त्याची एक खोड आहे. आत तो फार वेगाने चालू-बंद होत असतो आणि त्याची खरखर रेडिओत शिरू शकते. बोटीचा व्हीएचएफ रेडिओ लावला, चॅनल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटाची हाक ज्यावर येते तो. स्क्वेल्च, म्हणजे हाक नसताना रेडिओ गप्प ठेवणारं बटण, खरखर नुकती थांबते तिथे ठेवला. ॲम्प चालू केला, रेडिओ फस्सकन उघडला. असा रेडिओ असला तर तांडेल स्क्वेल्च पिळून ठेवतो, मग लांबची बारीक हाक ऐकूच येत नाही. ॲम्प अँटेनाच्या केबलशेजारी बसला होता, तो पलीकडच्या बाकाखाली नेला, वायरींवर खरखर अडवणारे फेराइट चढवले. पुन्हा लावलं, रेडिओ गप्प.

ॲम्पला एक बारीक निळी वायर असते, तिच्यावर १२ व्होल्ट आले तरच तो जागा होतो. त्या वायरीत एक स्विच टाकून तो स्टिअरिंगच्या उजव्या हाताला बसवला. गाणी पाहुण्यांच्या फोनवरून ब्लूटूथने वाजतात, ती बंद करायची तर आधी कोणाचा फोन ते शोधा, तो माणूस नाचत असतो. आता रेडिओवर कोणी बोललं की तांडेलने एक बोट दाबायचं. शेट म्हणाले, "पाहुणे ओरडतील." तांडेलकाका म्हणाले, "वरडूंदेत."

ओहोटीने खाडी उतरली होती, पाणी भरेपर्यंत थांबलो आणि दिवेलागणीला कोको बीचसमोर बोट काढून गाणी लावली. मागच्या बाकावर बसून बोलता येत होतं आणि गाणंही भरून येत होतं. शेट एकदा पुढे, एकदा मागे बसून बघत होते. मी त्यांना सांगून ठेवलं, संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार आणि वरची गरम असते, त्यामुळे आवाज वर न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून लांबच्या काठापर्यंत स्पष्ट पोचतो. रात्री १० नंतर नियमाने बंदच, पण त्याआधीही दोन्ही काठांवर घरं आहेत. "फोन येतात हो काठावरून," शेटनी कबूल केलं.

तांडेलकाकांनी सांगायची वाट न बघता बादली ओतली. गाणी जोरात चालू होती. पंपाची धार चांगली हातभर लांब जाऊन पाण्यात पडली.

बिलावर घासाघीस झाली. केबलला स्पीकरच्या जोडीइतके पैसे का, हे मी दोनदा समजावलं. शेवटी पूर्ण पैसे दिले, पण बिल परत माझ्या हातात ठेवून म्हणाले, "ते पंपाची वायर, पंपाचा फ्यूज असं वेगळं लिहू नका. सगळं साउंड सिस्टीममध्येच धरा. भागीदाराला गाण्याचा खर्च पटतो, पंपाचा विचारत बसेल."