उपवासकाळ निभतो, पुनरुत्थानकाळ निसटतो : माझा अनुभव

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, सगळं आखून मिळतं. रोजचं वचन, रोजचा त्याग, शुक्रवारची क्रूसाची वाट (येशूच्या दुःखसहनाचे टप्पे आठवत करायची प्रार्थना). पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, ‘हालेलुया’ गाऊन झालं की पुढे कोणी काही देत नाही. उपवासाच्या ४० दिवसांसाठी पुस्तिकांचे गठ्ठे आणि सणाच्या ५० दिवसांसाठी एक कागदही नाही, याची चीड मला अजून येते. सण पेन्टेकॉस्टपर्यंतचा, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या पन्नासाव्या दिवसापर्यंतचा आहे. उपासनेच्या दिनदर्शिकेतही ‘ईस्टरनंतरचा’ असं न लिहिता ‘ईस्टरचा दुसरा रविवार’, ‘ईस्टरचा तिसरा रविवार’ असंच लिहितात. पण सोमवार उजाडला की लोक सण आवरून ठेवतात.

पहिले आठ दिवस आपोआप जातात. बायबलमधल्या योहान अध्याय २० मधली मग्दालीया मरीया, लूक २४ मधला अम्माऊसचा रस्ता, योहान २१ मधले १५३ मासे. वाचायला एवढं असतं की मन लागतंच. तेवढ्यात एक चूक मात्र हमखास होते. उपवासकाळात लावलेला गजर बंद केला जातो. उपास आणि प्रार्थना एकाच गाठीत बांधलेली असतात, एक सुटलं की दुसरं सुटतं. वेळ तीच ठेवा, वाचन बदला.

खरी अडचण नवव्या दिवसापासून. उपवासकाळात सोडलेली गोष्ट दिवसातून चार वेळा आठवते आणि प्रत्येक आठवण प्रभूकडे ढकलते. आता काहीच सोडलेलं नाही, म्हणजे आठवण करून देणारी घंटाही नाही. शिष्यांचंही वेगळं नव्हतं : योहान २०:२६ प्रमाणे आठ दिवसांनीही दारं बंदच होती. उत्साह येईल मग बसू, असं म्हणणारा पेन्टेकॉस्टपर्यंत उभ्याउभ्याच राहतो. त्यामुळे मी भावनेवर विसंबत नाही, हिशेबावर विसंबतो.

हिशेब असा. नवव्या दिवसापासून पेन्टेकॉस्टपर्यंत सहा आठवडे उरतात. आठवड्याला पाच बैठकी धरल्या तर ३०. वाचायला ‘प्रेषितांची कृत्ये’ हे बायबलमधलं पहिल्या शिष्यांच्या कामाचं पुस्तक घ्यायचं, ते २८ अध्यायांचं. दोन बैठकी शिल्लक, आणि त्या कुठे खर्चायच्या हे आधीच ठरवून ठेवायचं : सातव्या अध्यायावर.

सगळे तिथेच अडतात. दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी तो समोर येतो, ६० वचनांचा, आणि त्यातलं बहुतेक एकट्या स्तेफनाचं, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याचं भाषण. अब्राहाम, योसेफ, मोशे, निवासमंडप. ‘हे सगळं माहीत आहे’ म्हणत डोळे ओळींवरून घसरतात, मोशेपाशी मन भटकतं, उरलेलं उद्यावर जातं. उद्या दीड अध्याय, परवा अडीच. ही थकबाकीच वाचन बंद पाडते, आळस नाही. त्यावर दोन उपाय. थकबाकी भरायची नाही; चुकलेला अध्याय सोडून त्या दिवसाचाच वाचायचा. आणि सातवा अध्याय तीन बैठकींत फोडायचा : १ ते १६, १७ ते ४३, ४४ ते ६०. दोन जादा बैठकी इथे बरोबर संपतात.

वाचताना हातात पेन्सिल हवी. लोकांनी देवाच्या माणसाला झिडकारलं तिथे खूण करा. वचन ९ मध्ये भावांनी योसेफाला विकलं. २७ मध्ये मोशेला ढकलून दिलं, ३५ मध्ये ‘ज्याला नाकारलं त्यालाच’ देवाने पाठवलं, ३९ मध्ये पुन्हा तेच, आणि ५२ मध्ये माळ येशूपाशी पोहोचते. मग ते भाषण रटाळ वाटत नाही. झिडकारलेलाच तारणारा ठरतो, म्हणजे ईस्टरच की!

तरीही एवढ्याने नातं जुळत नाही, इतिहास तेवढा पक्का होतो. वाचून झाल्यावर एक वाक्य ‘तो’ऐवजी ‘तू’ घालून मोठ्याने म्हणायचं. ‘स्तेफनाला येशू उभा दिसला’ याचं ‘प्रभू, स्तेफनाला तू उभा दिसलास’ करायचं. एकच वाक्य, पाच केलीत तर प्रवचन होतं. कोरड्या दिवशी एवढंच करून उठलं तरी चालतं. योहान १५:४ ते १० या सात वचनांत मूळ ग्रीकमध्ये ‘राहणे’ हे क्रियापद दहा वेळा आलंय. तिथे उत्साहाची अट नाही, फांदीने वेलीवर राहायचं.

उभं राहण्यावरून आठवलं. इ.स. ३२५ च्या, ख्रिस्ती बिशपांच्या निकेया परिषदेच्या विसाव्या नियमात रविवारी आणि ईस्टर ते पेन्टेकॉस्टच्या दिवसांत गुडघे न टेकता उभं राहून प्रार्थना करायला सांगितलंय. प्रार्थनेची पाच मिनिटं उभं राहून करून बघा. उपवासकाळ संपला हे शरीराला कळतं, आणि पेंगही येत नाही. गुडघे दुखणाऱ्यांना तर सोयच.

मेणबत्ती वाचनाआधी लावा, वाक्य म्हणून झालं की विझवा. नुसती शोभेला ठेवली तर आठवड्यात तिच्यावर धूळ बसते.

चाळिसाव्या दिवशी येशूच्या स्वर्गारोहणाचा सण. त्यानंतर नऊ दिवस नव्याने काही सुरू करू नका. कृत्ये १:१४ मधले शिष्य एकत्र प्रार्थनेत होते, तेव्हा शक्य असेल तर या नऊ दिवसांत कोणाला तरी सोबत घ्या, फोनवर घेतलं तरी चालेल. काही ठिकाणी स्वर्गारोहण पुढच्या रविवारी साजरं होतं, तरी नऊ दिवस शुक्रवारपासूनच मोजा, नाहीतर गणित चुकतं.

आणि हे आधी सांगायला हवं होतं : दिनदर्शिकेवर १ ते ५० आकडे आणि अध्याय झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) आधीच लिहून ठेवा. पवित्र आठवड्यात सवड मिळत नाही, आणि नववा दिवस उजाडल्यावर लिहायचा कंटाळा येतो.